गाडीतली थंडीची रात्र

थंडी पडली की माणसाने लवकर घरी यावे, दार लावावे आणि गोधडीत शिरावे, हे सांगायला कोणी शहाणा लागत नाही. पण आपल्या ग्रामीण भागात नेमके थंडीच्या दिवसांतच घराबाहेर रात्र काढायची वेळ अधिक येते. लाल कांदा ह्याच दिवसांत निघतो. सकाळच्या लिलावात आपली गाडी पुढे असावी म्हणून ती आदल्या रात्रीच रांगेत नेऊन लावावी लागते. उसाने भरलेला ट्रॅक्टर कारखान्याच्या वजनकाट्यापुढे रात्र रात्र खोळंबतो. माळेगावच्या खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात, त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांची वारी पौषात, मांढरदेवीची यात्रा पौष पौर्णिमेला. आणि आमच्या शाळांच्या सहली? त्याही डिसेंबर-जानेवारीतच. म्हणजे ट्रॉलीत, टेम्पोत, जीपमध्ये नाहीतर बसच्या बाकावर अंग आखडून पहाट होण्याची वाट पाहणारी माणसे आपल्याकडे काही थोडीथोडकी नाहीत. त्यांत लेकुरवाळ्या बायका असतात, म्हातारी माणसे असतात.

आज मी बोलणार आहे ते ह्या रात्रीविषयी. आणि आधीच सांगून टाकतो, की ह्या विषयाकडे मी वळलो तो पुस्तक वाचून नव्हे. एका रात्रीने मला वळवले.

काही वर्षांमागची जानेवारीतली गोष्ट. मामांचा कांदा पिकअपमध्ये भरून आम्ही एका बाजार आवाराबाहेर रांगेत उभे होतो. मामा साठी ओलांडलेले. बरोबर त्यांचा दहा वर्षांचा नातू, शाळा बुडवून हट्टाने आलेला. मी स्वतः मास्तर, पण त्या दिवशी मामांपुढे काही बोललो नाही. रात्री नऊपर्यंत आम्ही सगळे शेकोटीभोवती गप्पा मारत होतो. पुढे-मागे उभ्या असलेल्या गाड्यांवरची मंडळीही आली होती. भाव काय फुटेल ह्याचीच चर्चा. मग मामा नातवाला घेऊन गाडीच्या केबिनमध्ये झोपायला गेले आणि मी घोंगडी घेऊन वर कांद्यावर आडवा झालो.

साधारण दीडच्या सुमाराला थंडीने मला जाग आली. पाय मोकळे करावेत म्हणून खाली उतरलो. पाहतो तो केबिनच्या काचा आतून पार धुकटलेल्या. सहज काचेवर टिचकी मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. मग दार उघडले. पोराने अंगावर ओकारी केली होती आणि तो तसाच पडला होता. मामांनी माझ्याकडे पाहिले, काहीतरी बोलायला गेले, पण जीभ वळेना. उठायला गेले तर पाय लटपटले. त्यांच्या पायाशी होते एक घमेले. त्यात राख चढलेले निखारे. पोराला थंडी वाजते म्हणून मामांनी झोपताना शेकोटीतले लालभडक निखारे घमेल्यात घेतले होते आणि ऊब जाऊ नये म्हणून दोन्ही काचा गच्च वर केल्या होत्या.

आम्ही दोघांनाही ओढून बाहेर काढले. शेजारच्या गाडीवाल्याने आपली जीप काढली. तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचलो तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी नाडी बघण्याच्या आधीच विचारले, “शेगडी कुठे पेटवली होती?” इतके हे प्रकार त्यांच्या अंगवळणी पडलेले. दोघांनाही प्राणवायू लावला. दुपारपर्यंत पोरगा पोहे मागू लागला. मामांचे डोके मात्र चार दिवस ठणकत होते. आणि मामा पुन्हा पुन्हा एकच वाक्य म्हणत होते, “अरे, पण धूर तर नव्हता ना! धूर असता तर मला कळलं नसतं का?”

श्रोतेहो, सगळी गोम आहे ती ह्या वाक्यात. धुराने डोळे चुरचुरतात, ठसका लागतो, माणूस उठून बाहेर पळतो. निखारा मात्र गरीब दिसतो. पण कोळसा पुरेशा हवेवाचून धुमसू लागला, की त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांत जात नाही की घशाला लागत नाही. आपल्या रक्तातला जो तांबडा पदार्थ प्राणवायू वाहून नेतो, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. म्हणजे असे समजा, की एस. टी. वेळेवर आली आहे, पण सगळ्या जागा आधीच कोणीतरी अडवून बसले आहे. प्राणवायू बाहेर उभाच. माणूस श्वास घेत राहतो आणि आतून गुदमरत जातो. आधी डोके जड होते, मग चक्कर, मळमळ, मग झोप. झोपलेल्या माणसाला तर डोके दुखल्याचेही कळत नाही. मळमळ झाली की आपल्याला वाटते, रात्रीचे जेवण बाधले. मामाही आधी वांग्याच्या भाजीलाच दोष देत होते.

कोणी म्हणेल, काचेला थोडी फट ठेवली की झाले. नाही हो. फटीवर भरवसा ठेवून निखारे आत घेऊ नयेत. निखारा म्हणजे निखारा, मग तो शेगडीत असो, घमेल्यात असो की धुपाटण्यात. तीच गोष्ट गॅसच्या शेगडीची आणि रॉकेलच्या स्टोव्हची. २०२० च्या जानेवारीत नेपाळातल्या दामन ह्या थंड गावी केरळातून फिरायला गेलेली ८ माणसे एका खोलीत गॅसचा हीटर लावून झोपली. त्यांत ४ मुले होती. आठही जण दगावले. गाडीचे इंजिन चालू ठेवून ऊब घेणे हाही तोच धोका. २०२२ च्या जानेवारीत पाकिस्तानातल्या मरी ह्या ठिकाणी अतोनात बर्फ पडून शेकडो गाड्या रस्त्यात अडकल्या आणि त्यांत बसलेली वीसहून अधिक माणसे मेली. काही थंडीने गेली, तर काही चालू इंजिनाचा धूर आत साचून गेली असावीत, असे त्या वेळी सांगण्यात आले. आपल्याकडे बर्फ नाही. पण धुराची नळी चिखलात रुतायला, गवताच्या गंजीला टेकायला किंवा गंजून भोके पडायला बर्फ कशाला लागतो?

तेव्हा आग बाहेर. शेकोटी खुशाल करा, तिच्यासारखी सोबत नाही. मात्र ती ताडपत्रीपासून, कडब्यापासून आणि डिझेलच्या टाकीपासून लांब असू द्या. नायलॉनच्या साड्या आणि हल्लीची ती गुळगुळीत जाकिटे ठिणगीने भुरकन पेटतात, पोरांना थोडे मागेच बसवा. आणि निजायच्या आधी ती पाणी घालून विझवा.

आता खरा प्रश्न. आग आत न्यायची नाही, मग ऊब आणायची कुठून?

ऊब आणायची नसतेच, श्रोतेहो. ती आपल्या अंगात असते. अन्न पचते, रक्त फिरते, आणि देह चुलीसारखा रात्रंदिवस तापत असतो. गोधडी स्वतः गरम नसते. तशी असती तर वाळत घातलेल्या गोधडीखाली मांजराने नुसते जाऊन बसावे आणि गोधडीने त्याला शेकावे. गोधडी फक्त आपली ऊब आपल्यापाशी राखते. म्हणून रात्रीची सगळी तयारी म्हणजे ह्या उबेची गळती बंद करणे. घागरीला भोक कुठे आहे ते आधी पाहायचे, पाणी मागून ओतायचे.

पहिले आणि सर्वांत मोठे भोक पाठीखाली असते. हे आपल्या ध्यानातच येत नाही. माणूस दोन गोधड्या घेऊन निघतो आणि दोन्ही अंगावर घेतो. खाली ट्रॉलीचा उघडा पत्रा. पत्रा हा उष्णतेचा मोठा चोर. आभाळ निरभ्र असेल तर पत्र्याची उष्णता उघड्या आभाळाकडे निघून जाते आणि तो भोवतालच्या हवेपेक्षाही गार पडतो. पहाटे ट्रॅक्टरच्या बॉनेटवर दव साचलेले आपण पाहतो ना, ते ह्याचमुळे. अशा पत्र्यावर झोपलात तर वरून चार गोधड्या घेऊनही पाठ गारठतेच, कारण अंगाखाली दबलेल्या गोधडीतली हवा निघून जाते. आणि राखणदार असते ती हवाच. कापूस, लोकर, पेंढा, सगळ्यांचे काम एकच, हवा धरून ठेवण्याचे.

म्हणून दोनांतली एक गोधडी खाली घ्या. तिच्याखाली वीतभर पेंढा, उसाचे वाळलेले पाचट, कडब्याच्या पेंढ्या, काही नाहीच तर पुठ्ठे आणि गोणपाट. खोक्याचा पुठ्ठा तुच्छ समजू नका, त्याच्या दोन कागदांमधल्या नळ्यांत हवाच कोंडलेली असते. आपल्या आज्या जुन्या लुगड्यांचे थरावर थर शिवून वाकळ करीत, तेव्हा त्यांना हे शास्त्र कोणी शिकवले नव्हते. पण एक जाड चादर घेण्यापेक्षा पाच पातळ थर बरे, हे त्यांना पक्के ठाऊक होते. अंगावरच्या कपड्यांनाही तोच नियम. एका घट्ट जाड स्वेटरपेक्षा सैल सदरा, त्यावर दुसरा सदरा, त्यावर स्वेटर. मोज्यांवर मोजे चढवून पाय बुटात कोंबले तर रक्त फिरायचे थांबते आणि पाय अधिकच गार पडतात. एकच सैल मोजा, पण तो कोरडा.

कोरडा हा शब्द पुन्हा एकदा ऐकून ठेवा. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पटींनी उष्णता वाहून नेते. दुपारी कांदा भरताना घाम आला, संध्याकाळी तोच भिजका सदरा अंगात घालून रांगेत बसलो, की रात्र गेलीच म्हणून समजा. पहाटे बारे देऊन आलेल्या माणसाचे पाय ओले असतात आणि तो तसाच गाडीवर चढतो. एक कोरडा सदरा आणि एक मोज्यांचा जोड पिशवीत वेगळा बांधून ठेवा आणि तो फक्त झोपायच्या वेळीच काढा. घोंगडीचे मोल इथे कळते. सुती कापड ओलसर झाले की अंगाला चिकटते, लोकर जरा दमट झाली तरी बरीचशी ऊब धरून राहते. धनगरांनी उघड्या माळावर पिढ्यान् पिढ्या काढल्या त्या काही उगाच नाही. हल्ली घोंगडी टोचते म्हणतात. टोचो बिचारी! खाली सुती पांघरूण घ्या आणि वर तिला घ्या.

आपलाच श्वासही ओला असतो. बंद गाडीत चार माणसे झोपली की सकाळी काचांवरून पाणी ओघळते आणि ते गोधडीवर उतरते. म्हणून आत विस्तव नसला तरी समोरासमोरच्या दोन काचा बोटभर खाली ठेवाव्यात. थोडा वारा लागेल, लागू द्या. तोंडावरून पांघरूण ओढून घेऊ नये, कान आणि डोके मफलरने किंवा कानटोपीने झाका आणि नाक मोकळे ठेवा. तान्ह्या मुलाचे तोंड तर कधीच झाकू नका. त्याला दुपट्यात गुंडाळून आईच्या कुशीत द्या, पण त्याचे नाक आपल्या डोळ्यांना दिसत राहिले पाहिजे.

गाडी कुठे उभी करायची हे आपल्या हातात असेल तर थोडा विचार करा. थंड हवा जड असते. ती पाण्यासारखी उतारावरून वाहत येऊन सखल जागी साचते. नदीकाठची, ओढ्यातली जागा संध्याकाळी रम्य वाटते आणि पहाटे तीच सर्वांत गार असते. तिथून थोडे वर, झाडोऱ्याच्या किंवा भिंतीच्या आडोशाला गाडी लावावी. निफाडच्या द्राक्षबागाईतदाराला हे सांगायला नको. तिथे २०१८ च्या डिसेंबरात पारा दोन अंशांच्या खाली उतरला होता, आणि बागा वाचवायला लोक पहाटे शेकोट्या करीत व पाणी सोडीत फिरत होते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याच्या बातम्या तर आपण अधूनमधून वाचतोच. थंडीची परिसीमा असते ती मध्यरात्री नव्हे, सूर्योदयाच्या सुमाराला. रात्री नऊला शेकोटीपाशी “आज काही विशेष थंडी नाही” असे म्हणणारा माणूस पहाटे पाचला त्याच सदऱ्यात कुडकुडत असतो. तयारी नऊलाच करायची.

आणि गाडीखाली झोपायचे नाही. दव लागत नाही म्हणून पुष्कळ ड्रायव्हर तिथे पथारी टाकतात. पुढच्याची गाडी सरकली, अंधारात कोणी आपलीही पुढे घेतली, तर काय होईल ते मी सांगायला नको. रांग रस्त्याच्या कडेला असेल तर ट्रॉलीच्या मागे चमकणारी तांबडी पट्टी हवीच. धुक्यात मागून येणाऱ्याला उसाची ट्रॉली दिसते तेव्हा ब्रेक मारायला वेळ उरलेला नसतो.

पोटाचे काय? रिकामी चूल तापत नाही. बाजरीची भाकरी, तीळ लावलेली असेल तर अधिकच छान, वर तेलाची धार, शेंगदाण्याची चटणी, गूळ. भोगीचे जेवण थंडीतच का, ह्याचे उत्तर भोगीच्या ताटातच आहे. निजताना पोटभर जेवा आणि उशाशी मूठभर गूळ-शेंगदाणे ठेवा. रात्री थंडीने जाग आली तर ते खा, उठून दहा मिनिटे चाला, लघवीला जाऊन या. उठायचा कंटाळा करून दोन तास कुडकुडत पडण्यात काय हशील? चहा चांगला. दारू मात्र नको. ही गोष्ट काही जणांना आवडणार नाही, पण ऐकून घ्या. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुगतात, आतले ऊन रक्त कातडीकडे धावते आणि माणसाला वाटते, वाऽ, काय ऊब आली! ती ऊब अंगातून निघून चाललेली असते. घर तापले असे वाटावे आणि वस्तुतः दार उघडे राहिलेले असावे, तसा हा प्रकार. त्यातून झिंगलेल्या माणसाला आपण गारठलो हेही उमगत नाही.

गारठलेला माणूस ओळखावा कसा? कुडकुडणे वाईट नाही, देह आपली चूल फुंकतो आहे. पण बोटांना सदऱ्याचे बटण लावता येईना, बोलणे बोबडे होऊ लागले, माणूस विचारल्याचे भलतेच उत्तर देऊ लागला, आणि विशेषतः कुडकुडायचा अचानक थांबून सुस्त पडला, तर ती झोप समजू नका. ओले कपडे काढा, कोरड्यात गुंडाळा, दोघे त्याच्या अंगाला अंग लावून बसा. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर गोड, कोमट चहा द्या. हातपाय जोराने चोळू नका, एकदम धगीपाशी नेऊ नका. आणि १०८ ला फोन लावा. म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना ह्यासाठी बर्फ पडायला लागत नाही. ओले अंग आणि वारा असला, तर आठ-दहा अंशांची थंडीही पुरते.

शिक्षक बंधुभगिनींनो, सहलीला निघण्याच्या आठ दिवस आधी वर्गात एक प्रयोग करून पाहा. सारख्या तीन बाटल्या घ्या. तिन्हींत सारखेच गरम पाणी भरा, हाताला सोसेल एवढे. एक नुसती ठेवा, एक कोरड्या कापडात गुंडाळा, एक ओल्या कापडात. दर दहा मिनिटांनी तापमापक बुडवून फळ्यावर आकडे लिहा. आमच्या शाळेत मी हा प्रयोग केला तेव्हा ओल्या कापडातली बाटली उघड्या बाटलीच्याही आधी गार पडली. पोरांचा विश्वासच बसेना. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “म्हणजे गुरुजी, ओला स्वेटर घालण्यापेक्षा काढून टाकलेला बरा?” मी म्हटले, “काढायचा, आणि कोरडे काही घालायचे.” त्या सहलीत तिने सगळ्यांच्या पिशव्या तपासल्या. मला काही करावे लागले नाही.

आमच्या मामांच्या गाडीत आता सीटमागे एक पोते कायमचे बांधलेले असते. त्यात दोन पुठ्ठे, एक वाकळ, कोरडा सदरा, कानटोपी, विजेरी, प्लॅस्टिकच्या डबीत काड्याची पेटी आणि गुळाचा खडा. गुळाचा खडा नातू वरचेवर संपवतो आणि मामा वरचेवर नवा ठेवतात. घमेलेही गाडीत असते. पण ते कांदा भरायला.